आईची हजारावी पौर्णिमा

माझ्या आईने उभ्या आयुष्यात एकही आकडा खरा सांगितला नसेल. आणि माझी नोकरी वजनमापं तपासायची. दुकानात शिरायचं, तागडी बघायची, वजनांवरचा शिक्का बघायचा आणि किलोला पन्नास ग्रॅम कमी भरलं तर खटला भरायचा. अशा माणसाला देवाने अशी आई द्यावी यामागे त्याचा काही हेतू असेलच, पण मला तो कळवण्याची तसदी त्याने घेतलेली नाही.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं तीन खोल्यांचं घर. सणाला किती माणसं जेवायला येणार असं विचारलं, की आई म्हणायची, "असतील की धा-बारा." माणसं अठरा यायची आणि भाकऱ्या बावीस जणांच्या निघायच्या. ताप किती दिवस आहे असं डॉक्टरांनी विचारलं, की "कालच्यानं." चार दिवस झालेले असत. भाकरी किती खाल्लीस असं मी विचारलं, की "दोन." मी मोजत असे. अर्धी.

"तू नोकरीवर मोजतोस तेवढं पुरे हाय की," ती म्हणायची. "घरात तरी माणसासारखा बस."

मी नोकरीला लागलो तेव्हा शेर-पायली जाऊन किलो-लिटर नुकतेच आले होते. जुनी मापं गोळा करायची मोहीम निघाली. आमच्या कोपऱ्यावर आदगोंडाचं किराणा आणि गुळाचं दुकान. गल्ल्याखाली त्याने एक जुनं मापटं, म्हणजे अर्ध्या शेराचं माप, दडवलेलं मला सापडलं. मी तरुण होतो, त्यामुळे कायदा संपूर्ण वाचून दाखवला. आदगोंडाने तो हात जोडून ऐकला आणि म्हणाला, "बरोबर हाय साहेब. पर तुमच्या आईचं मापटं कवा जप्त करणार? आमी कालच त्यातनं उसनी ज्वारी आणलीया."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. चारही हसली.

मी घरी आलो. आईचं पितळी मापटं ज्वारीच्या डब्यातच होतं, बुडाला पोचा आलेलं. मी ते मोजून पाहिलं. गल्लीतल्या कुणाला उसनं देताना आई शीग लावून द्यायची आणि परत घेताना हाताने सपाट करून घ्यायची. प्रत्येक मापट्यामागे साधारण पाचवा हिस्सा घराबाहेर जात होता. मी तिला हे पाटीवर मांडून दाखवलं.

"मापटं त्येच हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं की."

"माप तेच आहे, पण भरायची रीत वेगळी आहे."

"व्हय. द्यायची येगळी, घ्यायची येगळी. तुला एवढं शिकवलं, ह्ये न्हाय शिकवलं कुणी?"

मी सांगितलं की सरकारी माणसाच्या घरात बेकायदा माप ठेवता येत नाही, उद्या ते कचेरीत जमा करणार. तिने अजिबात वाद घातला नाही. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. सकाळी तिने मापटं माझ्या हातात दिलं, ज्वारीने शिगोशीग भरून.

"हे काय?"

"रिकामं माप उंबऱ्याभाईर जात न्हाय. घराला बरं न्हवं त्ये. सरकारला सांग, आईनं दिलंय."

जप्त केलेल्या मापाची पावती फाडता येते. त्यातल्या ज्वारीची कुणाच्या नावाने फाडायची? ती शीग न सांडता मी आदगोंडाच्या दुकानापर्यंत गेलो. त्याने पायरीवरून विचारलं, "काय साहेब, पगार आता मापानं मिळतोय व्हय?" मी तिथूनच माघारी फिरलो. ते मापटं अजूनही आमच्या डब्यात आहे. खटला कुणी भरायचा, हा प्रश्न मी निवृत्तीनंतरसाठी ठेवला आहे.

माझं स्वतःचं वयही तिने सोडलं नाही. शेजारचा मुलगा शाळेत निघाला म्हणून मलाही घालायचं ठरलं, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला तर मूल सहा वर्षांचं, अशी तेव्हाची परीक्षा. आईने पंधरा दिवस रोज सकाळी माझा हात ओढून तालीम घेतली. मास्तरांपुढे मी कान धरला, मान वाकडी करून का होईना. त्यामुळे सरकारदरबारी मी एक वर्षाने मोठा आहे. माझी शेवटची एक वर्षाची नोकरी आईने पहिलीच्या वर्गातच उरकली.

आणि तिचं वय? शिरगणतीला मास्तर आले तेव्हा मी समोर बसलो होतो. "लिवा पन्नास," आई म्हणाली. दहा वर्षांनी पुन्हा शिरगणती झाली. योगायोगाने मास्तर तेच. "लिवा पंचावन."

मास्तरांनी पेन्सिल थांबवली. "आजी, दहा वर्षं झाली की हो मधे."

"झाली. त्यातली पाच लई वाईट गेली. ती कशाला धरताय?"

मास्तरांनी पंचावन्न लिहिलं. मी त्यांना चहा न पाजता घालवणार होतो, पण आईने आधीच आधण ठेवलं होतं.

अशा बाईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं माझ्या मनात आलं. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की त्याचा सत्कार करायची रीत आहे. लोक सरसकट ऐंशी वर्षं धरतात आणि कार्यालय मोकळं असेल त्या दिवशी उरकून घेतात. मला ते मान्य नव्हतं. हजार म्हणजे हजार. नऊशे ब्याण्णवला हार घालणं म्हणजे मापात आठ पौर्णिमा मारणं. आईसाठी आयुष्यभर मी फारसं काही केलं नव्हतं. चुका मात्र पुष्कळ काढल्या होत्या. हे एक काम तरी तिच्या डोळ्यांदेखत आणि बिनचूक व्हावं, अशी माझी इच्छा होती.

पुराव्याचा प्रश्न होता. आईचं म्हणणं, आपण प्लेग हटल्यावर जन्मलो. उचगावचे मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एकदा बोलून गेले, "अक्का प्लेगातच झाली. सगळी गावाभाईर झोपड्यांत ऱ्हायलीवती, तितं झाली. म्हणून तर एवढी दणकट."

आईने ताटावरून वर पाहिलं. "तू तवा जल्माला तरी आलतास काय?"

"न्हाय."

"मग गप जेव की."

मामांची साक्ष ऐकीव होती, ती मी बाजूला ठेवली. कारण माझ्याजवळ लेखी कागद होता. माझे वडील, दादा, प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी नोकरीला लागायच्या आधीच ते गेले. त्यांच्या वहीत लग्नाच्या दिवशीची नोंद होती, सुवाच्य अक्षरात: 'वराचे वय पंधरा पूर्ण. वधूचे वय तेरा पूर्ण, चौदावे चालू. जन्म पौष पौर्णिमा.' दादांनी आयुष्यात शाळेच्या हजेरीपत्रकातसुद्धा खाडाखोड केली नव्हती. मी ती नोंद धरली, जुन्या पंचांगांतून अधिक महिने काढले आणि आईची हजारावी पौर्णिमा निश्चित केली. तीन वर्षं लांब होती. सदतीस पौर्णिमा.

त्या दिवसापासून दर पौर्णिमेला संध्याकाळी मी आईच्या खाटेशी बसून शिल्लक सांगू लागलो. "छत्तीस राहिल्या, आई." "पस्तीस राहिल्या." पुढे पुढे मधल्या दिवसांतही जाऊन बसू लागलो, दिवस सांगायला.

"कोर्टाची तारीख असल्यागत सांगतुयास," ती म्हणायची. "तुझं हजार हुईस्तवर मी काय रानात पळून जातोय व्हय?"

या काळात तिचा एक विक्षिप्तपणा झाला. कार्तिकातली त्रिपुरारी पौर्णिमा. सगळं गाव पंचगंगेच्या घाटावर दिवे लावायला निघालेलं, आणि आईला रंकाळ्याला जायचं होतं. तेही आत्ता, आणि माझ्याबरोबरच. मी म्हटलं, शैलाला घेऊन जा. शैला माझी मुलगी, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, आणि आजीच्या सगळ्या कटांत असे. पण त्या दिवशी शैलानेही अभ्यासाचं निमित्त सांगितलं. ती अभ्यासाचं निमित्त सांगते, यातच मला काळंबेरं दिसायला हवं होतं.

रिक्षा केली. रंकाळ्यावर लोक तळं बघायला जातात. आई कट्ट्यावर तळ्याकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून बसली. मी सांगितलं, पाणी तिकडे आहे. ती म्हणाली, "पाणी कुटं पळतंय?" मला सातच्या बातम्या गाठायच्या होत्या. मी दोनदा घड्याळ दाखवलं. आईने कनवटीतून कागदाची पुडी काढली, त्यातला अर्धा पेढा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

"कशाचा?"

"पुनवेचा. खा गुमान." थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "झालं. चल आता, तुझ्या बातम्या हायत."

बातम्या चुकल्याच. त्या दिवशी माझ्या हिशोबाने पंचवीस पौर्णिमा राहिल्या होत्या, हे मी तिला रिक्षात सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रिक्षाला खिडकी नसते, पण तिला सगळीकडे मिळायची.

दीड वर्ष बरं गेलं. मग आईला दम लागू लागला. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "वय झालंय. चार महिने म्हणा, सहा म्हणा. आकडा विचारू नका." मी तोच विचारायला गेलो होतो. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. पाच पौर्णिमा राहिल्या होत्या.

बायको म्हणाली, "आत्ताच करून घ्या की कार्यक्रम. आत्याबाई चालत्या-बोलत्या आहेत तोवर. चंद्र काय वर बसून मोजणार आहे?"

"खोट्या आकड्यावर मी आईचा सत्कार करणार नाही," मी म्हणालो. वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं होतं.

"आणि मधेच काही झालं तर?"

मी कॅलेंडर पुन्हा मोजलं. तिने आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. आत खाटेवरून आईने विचारलं, "शामा, किती ऱ्हायल्या रं?"

"पाच."

"मग पाच थांबायचं. त्यात काय एवढं?"

आणि ती थांबली. दसऱ्यापर्यंत तिची भाकरी सुटली. दिवाळीत फक्त पेज. डोळे मिटून पडलेली असायची, पण पौर्णिमेला शैलाला सांगून खाट खिडकीकडे फिरवून घ्यायची. मी गेलो की डोळे न उघडता बोटं दाखवायची. तीन. दोन. एक. मी "बरोबर" म्हणायचो. आईने लागोपाठ इतके आकडे बरोबर सांगितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि मी त्याबद्दल मनातल्या मनात तिचं कौतुकही केलं.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सकाळी गल्लीतल्या तालमीच्या अंगणात तिची गूळतुला केली. माणसाला तराजूत बसवून त्याच्या भारंभार गूळ तोलायचा आणि तो वाटायचा. कोल्हापुरात दुसरं काय तोलणार? गुळाचा मोठा काटा आदगोंडाने आणला. तो मी आदल्या दिवशी तपासला होता. आईचं वजन डॉक्टरांनी दहा दिवसांपूर्वी सदतीस किलो सांगितलं होतं. नऊवारी आणि शाल यांचे मी नऊशे ग्रॅम धरले होते. एकूण अडतीसच्या आत.

बायकोने आणि शैलाने धरून आईला पारड्यात पाटावर बसवलं. शाल गुंडाळून, दोन्ही हात मांडीवर गच्च धरून ती बसली. आदगोंडाने पलीकडे तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची अख्खी मोठी ढेप, ठेवला, मग किलो-किलोच्या ढेपा. सदतीस. अडतीस. पारडं हललं नाही. एकोणचाळीस. आदगोंडाने माझ्याकडे पाहिलं. चाळीस. त्याने अर्ध्या किलोचा तुकडा हळूच टाकला आणि काटा एकदाचा मधे आला. साडेचाळीस.

दहा दिवस पेजेवर राहून आईचं वजन अडीच किलोंनी वाढलं होतं. सकाळी बायको वरवंटा सापडत नाही म्हणून घर शोधत होती, ते मला आत्ता आठवलं. शालीखाली आईच्या मांडीवर काहीतरी लांबट, गोल होतं.

मी जवळ गेलो. ती कुजबुजली, "साठ घरं हायत गल्लीत. एवढ्या-एवढ्याशा ढेकळानं कुणाचं तोंड गोड हुणार?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा सायेब. बरोबर हाय न्हवं वजन?"

तिने मला साहेब म्हटल्याचं हे एकच उदाहरण. साठ घरं बघत होती. आदगोंडा तर डोळे मिचकावून बघत होता. "काय साहेब, मारू काय शिक्का?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी डोळ्यांदेखत पास केलेलं हे एकच खोटं वजन. संध्याकाळी वरवंटा धुऊन पुसून पाट्यावर होता. मी तो तोलला नाही.

पुढच्या पौर्णिमेच्या आठ दिवस आधी आई गेली. दुपारी, पेजेचा चमचा नको म्हणून मान वळवली, आणि तेवढंच. लोक भेटायला आले की म्हणायचे, हजार पौर्णिमा बघून गेली, सोनं झालं. मी म्हणायचो, बरोबर हजार. एक कमी नाही की एक जास्त नाही. मला त्या वाक्याचा आधार वाटत होता.

तेराव्यानंतर शैलाने एक शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. "आप्पा, आज्जी म्हणालेली, मी गेल्यावर दाखव. रागवू नका."

वहीत पानोपानी उभ्या रेघा होत्या. एका ओळीला बारा. कुठेकुठे तांबड्या पेन्सिलीने अधिक महिन्याची तेरावी. प्रत्येक ओळीपुढे शैलाच्या अक्षरात आजीने सांगितलेली खूण: 'लग्न', 'थोरला गेला', 'शामा झाला', 'दादा गेले'. पहिल्या ओळीपुढे लिहिलं होतं, 'प्लेग, झोपडी'. मी सवयीने वरून खाली मोजत आलो. वही माझ्या हिशोबाच्या दोन वर्षं आधीपासून सुरू होत होती.

"आज्जीला लग्नात सोळावं चालू होतं," शैला म्हणाली. "मुलगी थोराड म्हणून ठरत नव्हतं. तिच्या वडिलांनी चौदावं चालू म्हणून सांगितलं. आजोबांपेक्षा ती काही महिन्यांनी मोठी होती, आप्पा. त्यांना तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही."

"आणि मला?"

"ती म्हणाली, दादांनी वहीत लिवलंय. त्यांचं अक्षर खोटं पडलं तर शामा चार दिवस जेवायचा न्हाय."

तिचा अंदाज चुकला. मी दोनच दिवस जेवलो नाही.

"मग तीन वर्षं मी काय मोजत होतो? तिने थांबवलं का नाही?"

शैला आजीच्याच आवाजात म्हणाली, "'मोजू दे की त्याला. त्या निमतानं रोज येऊन माज्याजवळ बसतोय. हजार झालं म्हणून सांगितलं, तर उद्याच्यानं यायचा काय?'"

मी वही घेऊन खोलीत गेलो आणि पंचांगं काढली. शैलाच्या तांबड्या रेघा एकूण एक तपासल्या. चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. सापडली नाही. आई गेली तेव्हा तिच्या एक हजार पंचवीस पौर्णिमा झाल्या होत्या. आयुष्यभर आकडे फिरवणाऱ्या बाईने मनात एक आकडा ऐंशी वर्षं बिनचूक ठेवला होता. आणि मी, शिक्क्याचा माणूस, साठ घरांपुढे छातीठोक चुकलो होतो. हजारावी पौर्णिमा कुठली, हे बघायला मला पान उलटायचीही गरज नव्हती. तरी उलटलं. कार्तिक. त्रिपुरारी. रेघेपुढे शैलाने लिहिलं होतं, 'रंकाळा, आप्पांबरोबर'.

म्हणजे तिचं सहस्रचंद्रदर्शन झालं होतं, आणि त्याला मी हजर होतो. निमंत्रित एकटाच. अर्ध्या पेढ्यासह.

आई मला आता दिसते ती तिथे. तळ्याकडे पाठ, तोंड गावाकडे, पूर्वेला, देवळाच्या शिखराच्या बाजूला. पुडीचा कागद घडी घालून कनवटीला खोचते आहे. पदर डोक्यावर ओढून घेते, दोन्ही हात जोडते आणि वर बघते. मी बाजूला उभा राहून मनगट तिच्यापुढे धरतो आहे. सहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो. चंद्र कसा होता ते विचारू नका. मी घड्याळ बघत होतो.